सुट्टीतला व्हायोलिनचा रियाज: सर समोर नसताना काय करायचं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की क्लास बंद, आणि व्हायोलिन शिकणारी बरीचशी मुलं दोनपैकी एक काहीतरी करतात, एकतर व्हायोलिन केसमध्ये जातं ते थेट क्लास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाहेर येतं, नाहीतर पहिले काही दिवस जोशात दोन दोन तास वाजवायचं आणि मान-खांदा भरून आला की सगळंच सोडून द्यायचं. दोन्ही टाळता येतं. माझं म्हणणं असं की सुट्टीत नवीन गाणी किती बसवली हे मोजूच नका, सुट्टीत एकच गोष्ट शिकायची, स्वतःचं वाजवणं स्वतः ऐकायला. एरवी सूर उतरला की सर सांगतात, बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज, वाकडा गेला की सर सांगतात, आता सांगणारं कोणी नाही, म्हणजे ते काम आता कानालाच करायचंय.

वेळेचं आधी सांगून टाकते. नवीन असाल तर दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, दोन-तीन वर्षं झाली असतील तर पाऊण तास ते एक तास, पण सलग नाही, मध्ये थांबून दोन-तीन तुकड्यांत. रोज थोडं वाजवलेलं अंगात मुरतं, रविवारी एकदम तीन तास वाजवून तसं होत नाही.

सुरुवात ट्यूनिंगने. रोज. हवा कोरडी असली की पेग, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, सैल पडून घसरतात, दमट असली की घट्ट बसतात, त्यामुळे काल लावलेलं व्हायोलिन आज लागलेलं असेलच असं नाही. ट्यूनर ॲपवर आधी एची तार ४४० हर्ट्झला लावा, मग डी, जी आणि शेवटी ई. थोडाच फरक असेल तर फाईन ट्यूनर, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाचे छोटे स्क्रू, वापरा, पेगला हात मोठ्या माणसाने लावलेला बरा, आणि ईची तार चढवताना अगदी हळू, तोंड लांब ठेवून, कारण ती पटकन तुटते.

मग पाच मिनिटं फक्त मोकळ्या तारा, म्हणजे बोट न ठेवता. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो हे मला माहितेय, तरी सोडू नका, आवाज इथेच घडतो. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला ६० ठोक्यांवर, एक पूर्ण बो चार ठोक्यांत, जमलं की आठ ठोक्यांत. आरशासमोर उभं राहा आणि बो ब्रिजला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला, समांतर जातोय का ते बघा. टोकाकडे जाताना अख्खा हात मागे ओढला जातो आणि बो तिरका होतो, तिथे कोपर उघडून पुढचा हात पुढे न्यायचा. आवाज करकरला तर बहुतेक वेळा बो हळू चालतोय आणि वजन जास्त पडतंय, आवाज पोकळ, हवा सुटल्यासारखा आला तर उलटं, बो पळतोय आणि तार नीट पकडत नाहीये. वेग, वजन आणि बो ब्रिजपासून किती लांब आहे, या तिन्हींपैकी एका वेळी एकच बदला म्हणजे नक्की कशाने फरक पडला ते कळतं.

आता सूर, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण व्हायोलिन स्वतःच तुम्हाला बरोबर-चूक सांगतं हे खूप मुलांना कोणी दाखवलेलंच नसतं. डीच्या तारेवर तिसरं बोट ठेवा, म्हणजे जी वाजेल. शेजारची जीची मोकळी तार बघत राहा. सूर नेमका लागला की ती तार कोणी हात न लावता थरथरायला लागते, डोळ्यांना दिसते, आणि आवाज एकदम मोठा आणि भरलेला होतो. बोट केसभर मागे घ्या, थरथर थांबते, आवाज बसतो. परत पुढे आणा, परत तार जागी होते. हेच एच्या तारेवर तिसऱ्या बोटाने डी वाजवलं की डीच्या तारेवर दिसेल, ईच्या तारेवर तिसऱ्या बोटाने ए वाजवलं की एच्या तारेवर. रोज पाच मिनिटं बोट असं पुढेमागे करत ती जागा शोधा, फिंगरबोर्डवर चिकटपट्ट्या असतील तर असू देत, पण त्यांच्याकडे न बघता. थर्ड पोझिशन, म्हणजे हात ब्रिजकडे सरकवून वाजवणं, सुरू झाली असेल त्यांनाही हेच चालतं: एच्या तारेवर थर्ड पोझिशनमधलं पहिलं बोट म्हणजे डी, शिफ्ट करून, म्हणजे हात सरकवून, पोचलात आणि डीची तार बोलली तर बरोबर पोचलात. शिफ्ट करताना अंगठा हाताबरोबर गेला पाहिजे, तो मागे अडकला की बोट दरवेळी कमी पडतं.

गाणं वाजवताना पहिल्या नोटेपासून शेवटपर्यंत वाजवत सुटायचं नाही. अडतं ते दोन बारमध्ये, म्हणजे नोटेशनमधल्या दोन घरांत, तेवढेच उचला. एकही चूक होणार नाही इतका वेग खाली आणा, मग मेट्रोनोम चार-चारने वर न्या, चुकलं की एक पायरी खाली. जमलं की आधीचा एक बार आणि पुढचा एक बार जोडून वाजवा, कारण खरी गडबड बऱ्याचदा जोडावरच असते.

आठवड्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करा, तेच गाणं, तीच खोली, मोबाईल तेवढ्याच अंतरावर. लगेच ऐकू नका, दोन-तीन तासांनी ऐका आणि वहीत दोनच गोष्टी लिहा, एक बरी झालेली, एक राहिलेली. सुट्टीच्या मध्यावर बहुतेक मुलं म्हणतात की मी आधी चांगलं वाजवत होतो, आता बिघडलंय. बिघडलेलं नसतं, कान बोटांच्या पुढे गेलेला असतो, आधी ज्या चुका ऐकूच यायच्या नाहीत त्या आता टोचतात, आणि अशा वेळी पहिल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग लावून दाखवणं हा सगळ्यात चांगला उपाय आहे. आईबाबांनी तेव्हा शेजारी बसावं, पण प्रत्येक नोटेला टोकू नये, कुठे अडतंय एवढं विचारलं तरी पुष्कळ.

बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात, ते चालतं. मनगट, खांदा, जबडा दुखणं किंवा बोटांना मुंग्या येणं मात्र चालवून घ्यायचं नाही, तिथल्या तिथे थांबायचं आणि बघायचं की डावा अंगठा व्हायोलिनची मान आवळतोय का, हनुवटी दाबली जातेय का, शोल्डर रेस्टची उंची बरोबर आहे का. आराम करूनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

प्रवासाला जाणार असाल तर उभ्या गाडीत व्हायोलिन ठेवू नका, आतल्या उष्णतेने डिंकाचे सांधे सुटतात आणि व्हार्निश मऊ पडतं. बो प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर सैल करायचा आणि तारांवरची रोझिनची, म्हणजे बोवर घासायच्या राळेची, पूड कोरड्या कपड्याने पुसायची. व्हायोलिन नेता येणार नसेल तर पेन्सिलवर बो धरायची सवय चालू ठेवा आणि बसवलेलं गाणं लक्ष देऊन ऐका.

आणि क्लास सुरू व्हायच्या आधी माप बघून घ्या, सुट्टीत मुलं उंच होतात. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात सरळ लांब करायचा, स्क्रोल, म्हणजे व्हायोलिनचं टोकाचं वळलेलं डोकं, सहज तळव्यात येऊन बोटं त्याच्याभोवती वळली तर माप ठीक. मनगटाच्याही अलीकडे राहत असेल तर मोठ्या साईजबद्दल सरांना विचारा. तारा बदलायच्या असतील तर एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज पडतो आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे ब्रिजजवळ आत उभा असलेला छोटा खांब, तोही पडू शकतो, आणि तो परत उभा करणं घरी जमण्यातलं काम नाही.