काडीकचरा कुजत नाही? या चुका टाळा

पेंढा, धसकटे किंवा लाकडाचा भुसा यांचा ढीग अनेक महिने जसाच्या तसा राहिला, की त्यात कल्चरची (कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या मिश्रणाची) आणखी एक पिशवी ओतली जाते. जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू काडीवर मुळातच असतात. बहुतेक वेळा उणीव असते ती हवा, ओलावा किंवा नत्राची.

दुसरी चूक म्हणजे एकाच बुरशीकडून सर्व कामाची अपेक्षा ठेवणे. काडीतील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या शर्करांपासून बनलेल्या घटकांच्या साखळ्या पाण्याच्या साहाय्याने तोडणारी विकरे (एन्झाइम) अनेक सूक्ष्मजीवांकडे असतात. परंतु त्यांना वेढणाऱ्या लिग्निनची, म्हणजे काडीला कडकपणा देणाऱ्या घटकाची, रचना इतकी अनियमित असते की त्याचे ऑक्सिडीकरणच करावे लागते आणि ते काम प्रामुख्याने पांढऱ्या कुजीच्या (लाकूड पांढरट करून कुजवणाऱ्या) बुरशी करतात. कल्चरमध्ये वापरल्या जाणाऱ्या ट्रायकोडर्मा या बुरशीला लिग्निन फारसे पेलत नाही. तिची प्रसिद्ध जाती, ट्रायकोडर्मा रीसाय, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या कुजणाऱ्या सुती कापडावर सापडली, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज!

लिग्निनच्या ऑक्सिडीकरणाला प्राणवायू लागतो. त्यामुळे भुसा अतिबारीक दळून वर भरपूर पाणी ओतले, तर ढीग आतून गुदमरतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो. मूठभर माल घट्ट आवळल्यावर बोटांतून जेमतेम एक-दोन थेंब यावेत. धार लागली, तर जाड काड्या मिसळून ढीग पलटावा.

नत्राच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ होतो. सुरुवातीला कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या एका भागामागे कर्बाचे भाग) २५ ते ३० असावे. गव्हाच्या पेंढ्यात ते ८०च्या आसपास, तर भुशात काही शेकड्यांत असते, म्हणून शेण, हिरवा पाला किंवा थोडा युरिया घालणे योग्यच आहे. अमोनियाचा उग्र वास आला, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. मात्र ढीग थंडावल्यानंतर उरलेल्या लाकडी तुकड्यांवर पुन्हा युरिया टाकणे बहुधा उलटे पडते, कारण फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियमसारखी पांढऱ्या कुजीची बुरशी नत्र संपत आल्यावरच लिग्निनकडे वळते.

ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणे चांगले. ७० अंशांपुढे मात्र उपयुक्त सूक्ष्मजीवही मरू लागतात. पांढऱ्या कुजीच्या बहुतेक बुरशी ५५ अंशांवरही तग धरत नाहीत, त्यामुळे ढीग तापत असताना त्यांचे बियाणे मिसळणे व्यर्थ आहे.

शेवटी, तपकिरी आणि भुसभुशीत झालेले लाकूड पूर्ण कुजले असे मानू नये. तुकडा मोडून पाहावा. पांढरट, तंतुमय असेल, तर लिग्निन निघून जात आहे. चौकोनी भेगा पडून बोटांत चुरा होत असेल, तर ती तपकिरी कूज आहे, म्हणजे सेल्युलोज संपले आहे आणि थोडेफार बदललेले लिग्निन जागेवरच आहे.