गाडीनं कोल्हापूरच्या पाहुण्यांकडं जायचंय? किलोमीटर नको, ताटं मोजा

दरसाली मे लागला की घरात विषय निघतोच, अमक्याला भेटून किती वर्षं झाली, आत्तीचे गुडघे गेलेत, मामा आता शेतात जात नाहीत, आणि मग आपण म्हणतो बघू दिवाळीत. दिवाळीत कोण भेटतंय, जो तो आपापल्या गडबडीत. पावसाळ्याचं तर नावच नको, २०१९ ला आणि परत २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद पडलेला सगळ्यांना आठवत असेल, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, मग आपण पुण्यात बसून मोबाईलवर नुसते फूट मोजायचे. म्हणून उन्हाळाच बरा. ऊन लागतंय पण पोरांना सुट्टी असते, आंबे असतात आणि माणसं घरात सापडतात. मी बरीच वर्षं मे महिन्यात चार दिवस गाडी काढतोय, पहिल्या दोन खेपा पार चुकलो, त्यावरनं जे शिकलो ते लिहितोय.

पहिल्या खेपेला मी शहाण्यासारखं एक्सेल शीट केलं होतं. दोन दिवस, सात घरं, प्रत्येक घरी पाऊण तास. गुगल मॅपवर सगळं बसत होतं. पण मॅपला काय माहीत की आपल्याकडं घरात पाय ठेवला की पाणी, मग चहा, मग "जेवूनच जायचं, भाकरी टाकल्यात" हे पाऊण तासात होत नसतंय. पहिल्या घरी रस्सा-भाकरी, दुसऱ्या घरी "थोडंच घे" म्हणत आमरस, आणि चौथ्या घरी म्हणजे जयसिंगपूरच्या मामींकडं पोचलो तेव्हा त्यांनी पुरणपोळ्या केलेल्या, कटाची आमटी, सगळं. मी अर्धी पोळी खाल्ली आणि घड्याळ बघितलं. मामी काही बोलल्या नाहीत. पण नंतर आईला फोनवर म्हणाल्या, "भाच्याला आमच्यातलं गोड लागंना झालंय आता." ते वाक्य आई मला दोन वर्षं ऐकवत होती.

तेव्हापासून नियम एकच. ट्रिप किलोमीटरवर आखायची नाही, ताटावर आखायची. दिवसाला दोन ताटं, एक दुपारचं, एक रात्रीचं, म्हणजे दिवसाला दोन घरं. मधे एखादं चहाचं घर चालतंय पण तिथं आधीच फोनवर सांगायचं की मावशी, जेवण अमक्यांच्यात ठरलंय, तुमच्याकडं फक्त चहा, आणि तरी पोहे येणार हे धरूनच चालायचं. चार दिवसांत आठ ताटं, त्यात जी आठ घरं बसतील ती यंदा, उरलेली पुढच्या वर्षी. यादी करताना जीवावर येतं खरं, पण सात घरी अर्धं अर्धं बसण्यापेक्षा दोन घरी पोटभर बसलेलं माणसांच्या ध्यानात राहतं.

आता वार. हे बाहेरच्यांना पटत नाही पण कोल्हापूरकडं वार बघितल्याशिवाय पाहुण्याकडं जायचं नाही. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मटणाचा बेत होतो, सोमवारी-गुरुवारी बऱ्याच घरांत होत नाही, आणि ज्यांच्यात जोतिबाचा वार पाळतात ते रविवारी खात नाहीत. शुक्रवार अंबाबाईचा म्हणून पाळणारी घरंही आहेत. तुम्ही सोमवारी गेला तर जेवण मिळेलच, पण आत्ती दिवसभर चुटपुटत राहणार की पोरगं एवढ्या लांबनं आलं आणि पांढरा-तांबडा रस्सा करता आला नाही. म्हणून ज्या घरात तिखटाची हौस आहे तिथं वार बघून जावा आणि जिथं गोडाची हौस आहे ती घरं सोमवार-गुरुवारात टाका. चैत्र पौर्णिमेच्या आसपास निघणार असाल तर जोतिबाची यात्रा असते, त्या दोन-तीन दिवसांत वाडी रत्नागिरीकडच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगराकडच्या, आणि पन्हाळ्याकडच्या रस्त्याला जाऊ नका, यात्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, चांगभलं.

कळवायचं कसं हे पण सांगतो, कारण इथंच भांडणं होतात. फॅमिली ग्रुपवर "आम्ही येतोय" असं अजिबात टाकायचं नाही. ग्रुपवर टाकलं की ज्यांच्याकडं जाणार नाही त्यांना पण कळतं, मग "आमच्या दारावरनं गेलासा" सुरू. एकेकाला फोन करायचा, आणि वयानं थोरला असेल त्याच्यापासनं सुरुवात, धाकट्या काकांना आधी कळलं आणि थोरल्यांना नंतर असं झालं तर संपलंच. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय आणि आपण मातीला पोचलो नव्हतो, ते घर सगळ्यात पहिलं. तिथं मिठाईचा पुडा न्यायचा नाही, आणि तिथनं थेट हसत-खिदळत दुसऱ्यांच्यात जेवायला जायचा बेत ठेवायचा नाही. बोलायला सुचत नसेल तर बोलू नका. बसा नुसतं.

रस्त्याचं थोडक्यात. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, टोल चार, खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्रीच टाका. पहाटे पाचला घर सोडलं तर खंबाटकी गारव्यात पार होतो, नऊ साडेनऊला तुम्ही तावडे हॉटेलच्या कमानीपाशी. पाचऐवजी आठला निघाला तर कात्रजपासनंच घाम. साताऱ्याच्या पुढं रुंदीकरणाची कामं चाललेली असतात, डायव्हर्जन कधी कुठं असेल सांगता येत नाही, म्हणून जास्तीचा एक तास हाताशी ठेवा. आणि एक गंमत, सकाळी जाताना आपण दक्षिणेला जातो तेव्हा ऊन डावीकडनं येतं, आणि दुपारनंतर परत येताना उत्तरेला तोंड असतं तेव्हा पण ऊन डावीकडनंच येतं. म्हणजे डाव्या बाजूला बसलेला दोन्ही वेळेला भाजतो. आमच्यात तिथं ही बसते, त्यामुळं खिडकीला लावायला जुनी सुती ओढणी आणि दोन चिमटे हे माझ्या यादीत कूलंटच्याही वर आहे.

कोल्हापुरात मुक्काम एकाच घरी ठेवा, बॅगा रोज हलवू नका, आणि तिथनं फेऱ्या मारा. पेठेतल्या पाहुण्यांकडं जाताना गाडी गल्लीत घालायचा हट्ट नको, बिंदू चौकात नाहीतर दसरा चौकात लावा आणि चालत जावा. सुट्टीत अंबाबाईच्या गर्दीनं महाद्वार रोडकडची वाट भरलेली असते. मी एकदा काकांच्या दारातच लावीन म्हणून घातली गाडी, पुढनं टेम्पो, मागनं रिक्षा, आणि वरनं गॅलरीतनं पाच बायका मला स्टेअरिंग कुठं वळवायचं ते सांगत होत्या. पाचही वेगवेगळं.

फेऱ्या दोन पुरतात. एक पूर्वेची, हातकणंगले-जयसिंगपूर करून नरसोबाच्या वाडीपर्यंत, साधारण ४५ किलोमीटर, सपाट रस्ता, म्हातारी माणसं बरोबर असतील तर ही बरी, वाडीला संगमावर संध्याकाळी जरा बसायचं, कवठाची बर्फी आणि बासुंदी घ्यायची. दुसरी दक्षिणेची, कागल, निपाणी, उत्तूर करून आजरा, जायलाच ८०-८५ किलोमीटर. कागल सोडलं की कोगनोळीला कर्नाटक लागतंय, तिथं टोल आहे, निपाणीत टाकी भरून घ्या कारण पेट्रोल तिकडं सहसा आपल्यापेक्षा स्वस्त असतं. ही फेरी एका दिवसात करू नका. आजऱ्याला रात्र काढा. मे महिन्यात तिकडं दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून येतं आणि वळीव कोसळतो, झाडं आडवी होतात, फांद्या रस्त्यात, लाईट जाते. गाडी झाडाखाली सावलीला लावायची सवय तिथं मोडावी लागते. सकाळी लवकर हिरण्यकेशीवर रामतीर्थाला जावा, पोरांना तेवढंच बास होतं.

हातात काय न्यायचं? पुण्यातनं बाकरवडी नेता ते ठीक आहे, सगळेच नेतात. त्यापेक्षा जुने फोटो न्या. मी गेल्या वर्षी आईच्या पेटीतले बारा-पंधरा फोटो मोठे प्रिंट काढून नेले, मामांनी एक फोटो बघितला, त्यात ते बैलगाडीवर उभे, कॉलर वर केलेली, आणि जे बोलत सुटले ते लाईट गेली तरी थांबले नाहीत. पेनड्राईव्ह देऊ नका कुणाला. हातात धरता आला पाहिजे.

आणि पाहुणे म्हणून कोचावर बसून राहू नका. मे महिन्यात घराघरात उन्हाळी कामं निघालेली असतात, गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे, आणि वर्षाची चटणी. कोल्हापूरची चटणी म्हणजे लाल तिखट मसाला, हे पुण्याच्या सुनेला आधी समजावून सांगा. आमच्या आत्तीनं मिरच्या उन्हात घातलेल्या, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि देठं मोडायची राहिलेली. मी म्हटलं चल मी मोडतो. दीड तास आम्ही दोघं पाट घेऊन बसलो, ती न बघता देठं मोडत होती आणि मी बघून बघून. मग लसूण सोलला, मग मिरच्या डंकावर, म्हणजे कुटायच्या गिरणीत, घेऊन गेलो, तिथं नंबर, तिथं शिंका, डोळ्याला रुमाल. त्या रांगेत उभं राहून आत्तीनं मला आजोबांच्या कर्जाची जी गोष्ट सांगितली ती चाळीस वर्षांत घरात कुणी काढली नव्हती. समोरासमोर बसवून "आत्ती, जुनं काहीतरी सांग" म्हटलं असतं तर "काय सांगू रं, जेवलास काय?" एवढंच आलं असतं. फक्त एक, मिरच्या हाताळलेला हात दिवसभर डोळ्याला लावू नका, तेलानं धुवा आधी.

दोस्तांचं गणित वेगळं. दोस्तांना ताट द्यायचं नाही, दोस्तांना रात्र द्यायची. पाहुण्यांचं जेवण आटोपलं की नऊनंतर रंकाळ्यावर, नाहीतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर, समोर म्हैस पिळतात आणि धारोष्ण दूध ग्लासात, तिथं दोन तास उभ्या उभ्या जातात. नंबर हरवले असतील तर फेसबुक धुंडाळत बसू नका, आपल्या जुन्या तालमीच्या दारात संध्याकाळी सातला जाऊन उभं राहा, कुणीतरी विचारतंयच, "कुणाचा रं तू?" आणि पंधरा मिनिटांत कोण उचगावला गेला, कोण दुबईला, कोणाचं फिस्कटलं, सगळं कळतं.

ज्याच्याशी बोलणं बंद झालंय त्याच्याकडं मात्र फोन करून जाऊ नका. फोनवर नाही म्हणायला सोपं जातं. माझा एक शाळेतला दोस्त, शिवाजी उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप आहे, पैशावरनं आमचं फाटलेलं, अकरा वर्षं. शेवटच्या दिवशी मी गाडी घेऊन सरळ त्याच्या दारात. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, गाडीकडं बघितलं, खाली बसला, पुढच्या टायरवरनं तळवा फिरवला आणि म्हणाला, "आतनं खातंय. किती दिवस झालं?" मी म्हटलं माहीत नाही. "तुला कवा म्हाईत असतंय."

मग जॅक लावला, पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं केले, पुण्यात गेल्यावर अलाइनमेंट करून घे म्हणाला, चहा आला. डिकी उघडून बघितली, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, गुळाच्या दोन ढेपा, चटणीचे डबे, फणस एक, मामींनी या खेपेला बांधून दिलेल्या पोळ्या. त्यानं डिकी लावली आणि न विचारता मागच्या चाकांत जास्तीची हवा मारली. पैसे विचारले तर पान्याकडं हात गेला त्याचा.