टपावर सामान लादून कोकणात निघताय? या चुका टाळा

आमच्या पिढीने टपावरचं सामान पाहिलं ते एसटीच्या. मागच्या शिडीवरून हमाल सरसर वर चढायचा. वर आंब्याच्या पेट्या, तांदळाची पोती, कुणाची सायकल, आणि गाडी कशेडी घाटातून डुलत डुलत उतरायची. टपावर कितीही चढवलं तरी चालतं हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. मग स्वतःच्या गाडीला कॅरिअर लावून गुहागर-वेळणेश्वरकडे तंबू घेऊन निघालो की हात आपोआप तसाच सुटतो. एसटीचा टप त्या कामासाठी बांधलेला असायचा. आपल्या गाडीचा टप म्हणजे आतून चार आडव्या पट्ट्या दिलेला पातळ पत्रा. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही तर दोनदा.

वजन मोजलंच नाही

गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती भार चालेल तो आकडा दिलेला असतो. गाडीगणिक तो बदलतो, पण छोट्या गाड्यांना बऱ्याचदा ५० किलोच्या आसपास आणि मोठ्यांना ७५ ते १०० किलो. लोक हा आकडा वाचतात आणि ५० किलो सामान वर चढवतात. इथेच घोळ होतो. त्या ५० किलोंत क्रॉसबार (टपावरच्या आडव्या दांड्या) आणि त्यांच्यावर बसणारी सामानाची पेटीसुद्धा धरायची असते. बार ५ किलोचे, प्लास्टिकची कडक पेटी १८ किलोची, म्हणजे सामानाला उरले २७ किलो. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन चढवलेत तर तिथेच मर्यादा ओलांडली.

टपावरचा तंबू, म्हणजे टपालाच बसवून वर झोपायचा तंबू, घेणाऱ्यांनी तर हा हिशेब दोनदा करावा. तसा तंबू ५० ते ७० किलोंचा असतो. गाडी उभी असताना टप यापेक्षा कितीतरी जास्त भार सहज पेलतो, म्हणून वर दोघं झोपली तरी काही होत नाही. धावत्या गाडीचा आकडा वेगळा आणि लहान. विकणारा उभ्या गाडीचा आकडा सांगतो आणि आपण माना डोलावतो.

शोभेची रेल

टपाच्या दोन्ही कडांना रुपेरी रेल दिसते म्हणून तिला बार आवळायचे, ही दुसरी मोठी चूक. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांवर ती रेल नुसती दिखाऊ असते, क्लिपा नाहीतर चिकटपट्टीवर बसवलेली. हाताने हलवून कळत नाही. पुस्तिकेत रेलच्या भाराचा आकडा नसेल तर तिच्यावर काही बांधू नका. अशा गाडीला दाराच्या चौकटीत पाय अडकवून बसणारे बार मिळतात, ते तुमच्याच मॉडेलचे घ्या. ओम्नी किंवा जुन्या बोलेरोसारख्या गाड्यांना कडेने पावसाळी पन्हळ असते. त्यांचं काम सोपं, पन्हळीला पकडणारं कॅरिअर लावलं की झालं. कुणी टपाला भोकं पाडून नटबोल्ट मारायला सांगितलं तर हात जोडा. कोकणच्या हवेत त्या भोकाभोवती दोन पावसाळ्यांत गंज फुगून येतो.

वर काय आणि खाली काय

हलकं पण जागा खाणारं ते वर: तंबू, चटया, अंथरूण-पांघरूण, घडीच्या खुर्च्या, कपड्यांच्या पिशव्या. जड ते डिकीत, तेही मागच्या सीटला टेकवून. टपावर जड वस्तू गेली की गाडीचा तोल वर सरकतो आणि आंबा घाटाच्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते. आधी चालवणाऱ्याला वाटतं टायरमध्ये हवा कमी आहे.

परतीला ही शिस्त हमखास मोडते, कारण आंबे. पाच डझनांच्या पेटीत पाव किलोचं एक फळ धरलं तरी १५ किलो नुसते आंबे झाले, वर पेटीचं लाकूड. अशा तीन पेट्या टपावर बांधल्या की छोट्या गाडीची मर्यादा भरली. शिवाय मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर हापूस मुंबईला पोचेपर्यंत भाजून निघतो. आंबे पायाशी ठेवा, कपडे वर पाठवा. गॅसचा छोटा सिलिंडर उन्हात टपावर कधीच ठेवू नका, रॉकेल-पेट्रोलही नको.

खाण्याचंही काही वर नको. वरंध घाटात किंवा ताम्हिणीत चहाला थांबलात की माकडं टपावर हजर होतात. कापडी पिशवीची चेन त्यांना उघडता येते, नाही उघडली तर फाडता येते. आमच्या फणसपोळीचं जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

बांधणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

घरात पडलेली नायलॉनची दोरी काढून आपण खुशाल गाठी मारतो. नायलॉन भिजला की ताणतो. माणगावला घट्ट असलेली गाठ पोलादपूरच्या सरीनंतर सैल होते. रबरी लवचीक दोऱ्या तर भार धरण्यासाठी नसतातच. ताडपत्रीची कड दाबायला ठीक, बाकी त्यांचा हूक सुटून डोळ्याला लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत. बकल असलेला सपाट पॉलिएस्टरचा पट्टा घ्या. खटक्याचा रॅचेट पट्टा मजबूत असतो, पण जोर लावून आवळला तर पेटी चेपते, बारही वाकतो. सामान हाताने ढकललं आणि त्याच्यासोबत गाडीही हलली की आवळणं पुरे झालं.

पट्टे नेहमी आडवेच बांधले जातात. गाडी करकचून थांबली की सामान पुढे धाव घेतं. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर ४० किलोचा भार सुमारे ३० किलोच्या ताकदीने पुढे ओढतो, आणि महामार्गावर म्हैस आडवी यायला वेळकाळ लागत नाही. म्हणून निदान एक पट्टा पुढून मागे घ्या. पट्टे दाराच्या आतून घेऊन बांधायची सवय असेल तर पावसाळ्यात ती सोडा. पाणी पट्ट्यावरून ओघळत थेट मांडीवर येतं.

निघाल्यावर पहिल्या २०-२५ किलोमीटरांत एकदा थांबून सगळे पट्टे पुन्हा तपासा. सामान हळूहळू बसतं, पट्टे ढिले पडतात. मुंबईहून निघालात तर पनवेलचा चहा यासाठीच समजा.

भों भों आवाज

एका खेपेला पेणपासून गाडीतून भों भों असा आवाज येत होता. वेग वाढला की वाढायचा, कमी केला की थांबायचा. मी चाकाचं बेअरिंग गेलं असं धरून चाललो होतो. महाडला एका मेकॅनिककाकांनी चाक फिरवून पाहिलं, मग वर पाहिलं आणि हसले. सपाट पट्टा वाऱ्यात तारेसारखा थरथरत होता. त्यांनी पट्टा सोडला, त्याला दोन पीळ दिले आणि पुन्हा आवळला. आवाज बंद. पैसे घेतले नाहीत, वर "भाऊ, बेअरिंग चांगली हायत" एवढंच म्हणाले.

आवाज शिटीसारखा बारीक असेल तर तो रिकाम्या क्रॉसबारचा असतो. बारच्या टोकांची रबरी बुचं पडली आहेत का आणि वरची रबरी पट्टी जागेवर आहे का ते बघा. ठकठक असेल तर लगेच थांबा, काहीतरी सुटलंय.

आत पाणी शिरलं

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. टपावरच्या कापडी पिशवीवर "वॉटरप्रूफ" छापलेलं असतं, पण धावत्या गाडीवर पाऊस वरून पडत नाही, समोरून मारतो आणि शिवणीतून आणि चेनमधून आत घुसतो. चेनचं तोंड मागच्या बाजूला ठेवा. आतलं प्रत्येक गाठोडं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. ताडपत्री टाकलीत तर पुढची कड सामानाखाली दुमडून घ्या, नाहीतर ती शिडासारखी फुगते आणि तासाभरात चिंध्या होते. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांवर अशा चिंध्या दरवर्षी फडफडताना दिसतात. आत मखराचा पुठ्ठा भिजत असतो.

उंची विसरलो

पेटी लावली की गाडी ३०-४० सेंटीमीटरने उंच होते, आणि हे डोक्यात राहत नाही. इमारतीखालचं पार्किंग ही पहिली परीक्षा. कोकणात पुढच्या परीक्षा वेगळ्या: वाडीतल्या अरुंद रस्त्यावर गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) वाकलेली फणसाची फांदी, घरासमोरचा पत्र्याचा मांडव, रेल्वेखालच्या बोगद्यातला रस्ता. जमिनीपासून पेटीच्या माथ्यापर्यंत टेपने मोजा आणि आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

मागचं दारही पेटी बसवतानाच हळूच उघडून बघा. बऱ्याच गाड्यांत ते उघडताना पेटीला धडकतं. मला हे धोपाव्याच्या जेटीवर कळलं, तेही काच वाजल्यावर.

वेग आणि वारा

वेग ६० वरून ९० वर गेला की वाऱ्याचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. तेल जास्त जातं ते त्यामुळे. खाडीच्या लांब पुलांवर बाजूने वारा येतो तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, वेग आवरा.

पुळणीवर गाडी नको

सामान उतरवायला सोपं जावं म्हणून गाडी थेट वाळूत घालणारे दर शनिवारी भेटतात. भरलेल्या टपाची गाडी ओल्या वाळूत लवकर रुतते, आणि ओहोटीला कोरडी दिसणारी जागा सहा तासांनी भरतीच्या पाण्याखाली असते. गाडी सुरूच्या बनाअलीकडे पक्क्या जमिनीवर लावा. माडाखाली तर मुळीच नको. वरची पेटी नारळ झेलण्यासाठी नाही.

घरी आल्यावर

खारी हवा आणि फेरीबोटीवर उडालेलं पाणी बोल्टांना खातं. त्यात बार ॲल्युमिनिअमचे आणि बोल्ट लोखंडाचे असतील तर जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे गंज जास्त धरतो. घरी पोचल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि बोल्टांना थोडं ग्रीस लावा. बारच्या रबरी पायांखाली वाळू अडकलेली असते, ती काढा, नाहीतर पुढच्या वेळी टपाचा रंग खरवडून निघेल. कुलपात किल्ली फिरत नसेल तर जोर करू नका. किल्ली आत तुटली की कुलूप ड्रिलने फोडावं लागतं. गंज सोडवायचा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, मग हलकेच फिरवा.

मग कॅरिअर उतरवून ठेवा. नुसतं वर राहिलं तरी तेल खातं. उतरवताना चारही पायांवर "पुढचा डावा", "मागचा उजवा" अशा चिठ्ठ्या चिकटवा. मी चिकटवल्या नव्हत्या, आणि पुढच्या शिमग्याला पहाटे पाच वाजता अंगणात बॅटरी धरून कुठला पाय कुठे बसतो ते शोधत बसलो होतो. तोवर पालखी निघून गेली.