गाळपेर जमीन : पाणी हटताना काठाची ओल राखावी

रब्बीची आवर्तने (धरणातून कालव्यात पाळीने सोडले जाणारे पाणी) सुरू झाली की नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी आणि उजनीच्या फुगवट्याचे पाणी मागे हटू लागते आणि उघड्या पडलेल्या गाळावर, म्हणजेच गाळपेर जमिनीवर, हरभरा व गव्हाच्या पेरणीची घाई होते. याच काठावर शेकाट्या, तुतारी, पाणलावा, चमचा हे पक्षी हिवाळाभर चरतात. छोट्या तुतारीला बोटभर पाणी पुरते, तर लांब गुलाबी पायांचा शेकाट्या त्याहून खोल पाण्यात उतरतो. चमचा अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि भक्ष्य लागताच ती मिटतो. पाणलावा चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो व तिचे टोक लवचीक असल्याने आतल्या आत अळी पकडतो. हे पक्षी पीक खाण्यासाठी येत नाहीत. त्यांचे खाद्य चिखलातील अळ्या, किडे, गोगलगायी आणि लहान मासे हे आहे.

म्हणून पाण्याच्या कडेचा ओला पट्टा लगेच नांगरू नये. हरभऱ्याला साचलेली ओल मानवत नाही, मुळे कुजतात आणि मर रोग बळावतो. तेव्हा पाणी जसजसे हटेल व वापसा (पेरणीजोगी ओल) येईल, तसतशी टप्प्याटप्प्याने पेरणी करणे पिकाच्याही हिताचे आहे. बियाण्यास प्रति किलो 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळावा.

विषारी दाणेदार कीटकनाशके या जमिनीत मुळीच टाकू नयेत, कारण चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्याच्या पोटात ती थेट जातात आणि पाणी पुन्हा चढले की उरलेले विष जलाशयात उतरते. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर 2020 च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. घरात जुना साठा पडून असला तरी तो वापरू नये. घाटे अळीसाठी पीक फुलोऱ्यात येताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि शेतात पक्षिथांबे उभारावेत, म्हणजे कोतवाल व साळुंक्या अळ्या टिपतात. फवारणी पंप काठावर धुऊ नये, ही चूक फार सर्रास होते. तुटक्या मासेमारी जाळ्यांचे तुकडे दिसल्यास उचलून घ्यावेत, त्यांत पाय अडकून पक्षी मरतात.

काठावर एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळल्यास त्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता, कोंबड्या व जनावरे तिकडे जाऊ न देता, वन विभागास आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.