खोडव्यातली हुमणी कशी आवरली

गेल्या भादव्यात पंचगंगेकाठच्या आमच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात, उसाची बेटं मधनंच पिवळी पडली. नत्र कमी पडलं समजून मी युरिया टाकला, तो वाया गेला. मग एक बेट धरून ओढलं तर अलगद हातात आलं, मुळ्या कुरतडलेल्या. खुरप्यानं उकरलं तर पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या ५ अळ्या निघाल्या. हुमणी!

एवढ्या मोठ्या अळीवर औषध फारसं चालत नाही. गाठायचे ते भुंगेरे, म्हणजे या अळीचेच मोठे झालेले, अंडी घालणारे किडे. वळवाचा मोठा पाऊस झाला, की दिवस मावळताना ते जमिनीतून निघून लिंब-बाभळीचा पाला खायला बसतात. यंदा आबा आणि मी बांधावरच्या लिंबाखाली पोती अंथरून रात्री ८ ला फांद्या हलवल्या, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले. पहिल्याच रात्री अर्धी बादली भरली! शेजारच्या चौघांनाही सोबत घेतलं, कारण भुंगेरा बांध ओळखत नाही.

जूनमध्ये चांगली ओल बघून मुरलेल्या शेणखतातून मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी सरीत दिली. कच्चं शेणखत टाकू नका, त्यात हुमणी पोसते.

परवा आठ-दहा बेटं ओढून बघितली. एकही हललं नाही.