पहिल्या दिवशी मुलांना नावाने हाक मारायचीय? मग आत्ताच हे करून ठेवा

वडोदऱ्यात जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणजे वर्ग सजवायला वेळ कमीच, तर माझं ऐका, भिंतीवरची ती थर्माकोलची फुलं राहू द्या आणि आधी नावाच्या पाट्या करा. ए४ साइजची जाड कार्डशीट घ्यायची (रावपुऱ्यात स्टेशनरीवाल्यांकडे मिळून जाते), लांबीत चार सारखे भाग पाडून घड्या घालायच्या, साधारण ७.४ सेंमीचा एकेक, आणि पहिला भाग चौथ्यावर चिकटवायचा की मस्त त्रिकोणी पाटी बेंचवर उभी राहते. नुसती मधोमध दुमडलेली पाटी पंखा लावला की उडते, हिला खालून सेलोटेप लावला तर हलत पण नाही. नाव दोन्ही बाजूंनी लिहा, एक तुमच्यासाठी, एक मागच्या मुलांसाठी, ते पण नवीनच असतात ना एकमेकांना! आणि स्केचपेन नको, परमनंट मार्करच, कारण पहिल्या दिवशी वॉटरबॅग सांडणारच.

आता मेन गोष्ट. रजिस्टरमध्ये आपल्याकडे बहुतेक आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, ते सगळं पाटीवर उतरवत बसू नका, फक्त मुलाचं नाव मोठ्ठं लिहा. गुजराती मीडियम असेल तर गुजरातीतच लिहा. एकाच नावाची दोन मुलं असतील तरच आडनावाचं पहिलं अक्षर जोडा. चार-पाच कोऱ्या पाट्या जास्तीच्या ठेवा, उशिरा ॲडमिशनवाले येतातच.