दाह दाखवणारे कण: आधी पाणी तपासा

लोहाचे नॅनोकण बनवायला जुलैत फेरिक क्लोराइडची बाटली उघडायची असेल तर आधी वजनकाटा शून्यावर आणा, कागद मांडा, मगच झाकण काढा. डिचोलीला आमच्या घरी पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच या पिवळ्या खड्यांचे होते. मीठ निदान आठवडाभर दम धरते, हे बघता बघता चिकट होतात आणि तुम्ही लोखंड समजून पाणीच तोलत बसता. लोहाचा दुसरा क्षार, फेरस क्लोराइड, त्याची खोड वेगळी. ते हिरवट आहे तोवरच कामाचे. पिवळे-तपकिरी पडले की टाकून द्या, गाईडना कितीही वाईट वाटले तरी.

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. शरीरात दाह कुठे चाललाय ते एमआरआयवर दिसावे म्हणून लोहाचे नॅनोकण बनवते. दाहाच्या जागी मॅक्रोफेज पेशी गोळा होतात आणि दिसेल ते गिळतात. आपले कणही गिळतात, मग तेवढा भाग टी-टू (एमआरआयचा एक प्रकार) चित्रात काळा पडतो. कल्पना नवी नाही. फेरुमॉक्सिटॉल हे असेच लोहकणांचे औषध अमेरिकेत २००९ साली मंजूर झाले ते मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या लोहाच्या कमतरतेवर. एमआरआयवाल्यांनी ते नंतर आपल्या कामाला लावले. बाबांची नोकरी मांडवीत बार्जवर खनिज वाहण्यात गेली. त्यांच्या मते मीही तेच करते, फक्त मिलिग्रॅममध्ये. पण त्यांचे हेमॅटाइट लाल आणि चुंबकाला जेमतेम जुमानणारे. आपल्याला हवे काळे मॅग्नेटाइट.

कृती सोपी आहे. ४० मिलिलिटर पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडा. त्यात १.०८ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि ०.४० ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट घाला, म्हणजे मोलमध्ये दोनास एक. नायट्रोजन चालू ठेवून ७०-८० अंशांवर ढवळत राहा आणि तीव्र अमोनिया ५ मिलिलिटर एकदम ओता, अर्थात फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. नारिंगी द्रावण क्षणात शाईसारखे काळे होते. काळ्याऐवजी तपकिरी झाले तर हवा शिरली असे समजा. बीकरखाली चुंबक धरून गाळ बसवा, वरचे पाणी ओता, पीएच सातच्या आसपास येईपर्यंत धूत राहा. मग डेक्स्ट्रान या साखरसाखळीचा लेप आणि डायलिसिस, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीतून उरलेसुरले क्षार काढणे.

टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) गाभा १० नॅनोमीटर आणि डीएलएसवर (द्रवातल्या कणांचा आकार प्रकाशाने मोजणारे यंत्र) ६०-७० आले तर घाबरू नका. डीएलएस लेप आणि त्याला बिलगलेले पाणीही मोजते. मीठयुक्त बफरमध्ये रात्रभर ठेवून सकाळी तळ बघा. गाळ बसला असेल तर पुढे जाऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. दुसऱ्या वर्षी माझे चार महिने पाण्यात गेले, शब्दशः. रॉ २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेज) पेशींच्या दोन ताटल्या: एकीत एलपीएस घालून दाह उठवलेला, दुसरी शांत. दाहाच्या ताटलीत कण जास्त जायला हवे होते, पण दोन्हीत सारखेच गेले. मी लेप बदलला, मात्रा बदलली, पेशींची नवी कुपी उघडली. शेवटी शांत ताटलीतले टीएनएफ-अल्फा, म्हणजे दाहात पेशी सोडतात ते प्रथिन, मोजले तर तेही चढलेले! दाह माझेच कण उठवत होते. धुण्याचे डिस्टिल्ड पाणी कोपऱ्यातल्या कॅनमध्ये आठवडाभर उभे असायचे. त्यात वाढून मेलेल्या जिवाणूंच्या भिंतींचे एंडोटॉक्सिन कणांना चिकटले होते. एलपीएस म्हणजे तेच की! एका ताटलीत ते मी मोजून घालत होते, दुसरीत नकळत.

ऑटोक्लेव्हने (दाबाच्या वाफेने) जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन टिकते. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते पार होते. म्हणून काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या भट्टीत किमान अर्धा तास ठेवा आणि पाणी फार्मसीतले, इंजेक्शनचे घ्या. महाग वाटेल, पण चार महिन्यांच्या मीडियापेक्षा, म्हणजे पेशींच्या खाद्यापेक्षा, स्वस्तच. प्रत्येक बॅचची एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) चाचणी करा. मात्र कणांचा रंग, रंग मोजणाऱ्या रीडर यंत्राला फसवतो, तेव्हा नमुना पातळ करा आणि ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून तेवढेच परत मोजले जाते का, ते बघा. ५० ते २०० टक्क्यांच्या बाहेर गेले तर तो आकडा वहीत लिहूसुद्धा नका. एमटीटीतही (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणारी चाचणी) हाच रंग आडवा येतो, तिथे पेशींशिवाय नुसत्या कणांची एक रांग ठेवा.

गिळलेले लोह बघायला प्रशियन ब्लू, म्हणजे लोहाला निळे करणारी रंगचाचणी. निळे ठिपके दिसले की हुरळायचे नाही. ताटलीच्या तळाला चिकटलेले कणही निळेच दिसतात. तीनदा बफरने धुवा आणि फोकस वरखाली करून ठिपका पेशीच्याच पातळीवर आहे ना, ते बघा.

एमआरआयची वेळ आम्हाला रात्री मिळते, रुग्ण संपल्यावर, त्यामुळे कण अगारोजमध्ये मिसळून नळ्या आदल्या दिवशीच भरून ठेवा. अगारोज म्हणजे चायना ग्रासची थोरली बहीण, भसकन ओतली की बुडबुडे धरते, आणि एमआरआयवर बुडबुडा अगदी लोहासारखा काळा दिसतो. मी एकदा कण नसलेल्या नळीत 'लोह' शोधून काढले होते. गरम असतानाच नळीच्या कडेने हळू ओता. पडद्यावर सगळ्या नळ्या सारख्याच वर्तुळासारख्या दिसतात, म्हणून पहिल्या नळीला ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवा. तेलामुळे ती टी-वन चित्रात पांढरी चमकते, आणि रात्री अकराला मोजणी कुठून सुरू करायची यावर वाद होत नाही.